शैलाच्या रक्तातलं लोह

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी फणसवाडीच्या तोंडाशी टॅक्सीची वाट बघत उभी होते. हातात पेजेचा थर्मास होता. शैलाला तोंडाने काही देणं केव्हाच बंद झालं होतं, नाकातून नळी घातली होती, हे मला माहीत होतं. तरी सकाळी उठून मी उकड्या तांदळाची पेज केली, मीठ घातलं, थर्मासात भरली आणि निघाले. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. मिलिंद, म्हणजे शैलाचा नवरा, फोनवर एवढंच म्हणाला, “माधवीताई, सावकाश या. आता घाई नाही.” मला आधी वाटलं, डॉक्टरांची फेरी चालू असेल, आत सोडत नसतील. टॅक्सी मिळाली, मी परळ म्हणाले, गाडी चालू लागली आणि मग... घाई नाही म्हणजे काय, ते कळलं.

हॉस्पिटलच्या जिन्याखाली मिलिंद एकटाच उभा होता. कागदपत्रं व्हायची होती. शैलाचा भाऊ कल्याणहून निघाला होता. मिलिंदने आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, ते त्याच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. मी थर्मासच्या झाकणात पेज ओतून त्याच्यापुढे धरली. त्याने ती उभ्याउभ्या प्यायली, झाकण परत दिलं आणि म्हणाला, “मीठ बरोबर आहे.” एवढंच.

शैला मोहिते हे नाव वर्तमानपत्राच्या बहुतेक वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. लालबाग-परळमधल्या मुलींच्या कबड्डीत ज्यांनी थोडा वेळ घालवला असेल, त्यांना मात्र ती आठवेल. बुटकी, काटक, केसांचा घट्ट आंबाडा, पायात कायम कॅनव्हासचे बूट, साडीवरसुद्धा. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. तिच्याविषयी लिहायचं म्हणून बसले की दरवेळी कबड्डीऐवजी तिच्या रक्ताचे रिपोर्टच डोळ्यांपुढे येतात. शेवटच्या वर्षभरात आम्ही तिचं रक्त इतक्या वेळा कागदावर वाचलं की... जाऊ दे. आधीपासून सांगते.

आम्ही दोघी लालबागच्या एकाच शाळेत. ती बौद्ध वस्तीच्या चाळीतली, मी चिंचपोकळीच्या पुलाजवळच्या मालवणी घरातली. दोघींचे वडील गिरणीत होते आणि गिरण्या बंद पडल्यावर दोघींच्या घरी जे व्हायचं ते सारखंच झालं. शाळेच्या संघात मी डाव्या कोपऱ्याला असायचे आणि ती चढाईला जायची. तिची चढाई बघायला समोरच्या संघाच्या मुलीसुद्धा थांबत. अंगावर मांस नाही, पण दम असा की समोरच्या सातजणी तिच्याभोवती फिरून दमायच्या, हिचा आवाज आपला सलग चालूच. माझी आई एकदा मॅच बघायला आली होती. नंतर आमच्या घरी शैलाच्या ताटात तिसरी भाकरी वाढत तिने विचारलं, “इतक्या बारीक आंगात इतको जोर खंयसून येता गे तुझ्या?” शैला म्हणाली, “काकी, भूक लागली की येतो.” आई हसली, पण ते उत्तर तिला लागलं असावं. त्यानंतर मॅचच्या दिवशी माझ्या दप्तरात कायम दोन डबे असायचे.

पुढे शैलाला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी खात्यात कारकुनाची नोकरी लागली. मी विमा कंपनीत चिकटले, लग्न होऊन गिरगावात आले. तिचं लग्न मिलिंदशी झालं. तो छापखान्यात कामाला, अबोल, कबड्डीतलं ओ की ठो न कळणारा. त्यांना मूल झालं नाही. ऑफिस सुटल्यावर रोज संध्याकाळी लालबागच्या त्यांच्या चाळीमागच्या मैदानात ती मुलींना शिकवायला उभी राहायची. हे सगळं फुकट होतं, पण त्याविषयी तिला कोणी थोर वगैरे म्हटलं की ती वैतागायची. “मला घरी बसवत नाही म्हणून येते. उगाच मोठं करू नका,” म्हणायची.

लोहाचं प्रकरण सुरू झालं ते एका मॅचमध्ये. रुपाली नावाची तिची एक मुलगी, तेव्हा नववीत असेल, चढाईवरून परत येताना मध्यरेषेवर हात टेकण्याआधीच खाली कोसळली. कोणी धक्का दिला नव्हता, पकड नव्हती. डोळ्यांपुढे अंधार आला, एवढंच ती सांगू शकली. तपासलं तर हिमोग्लोबिन इतकं कमी की डॉक्टरांनी विचारलं, ही धावते कशी? शैलाने मग सगळ्याच मुलींची तपासणी करून घेतली. जवळजवळ सगळ्यांचीच तीच रड. कोणी सकाळी नुसत्या चहावर शाळेत जात होती, कोणाला पाळीत भयंकर जात होतं आणि घरी सांगायची सोय नव्हती.

तेव्हापासून शैलाने ते जे डोक्यात घेतलं ते सोडलं नाही. मैदानात आल्या आल्या प्रत्येक मुलीने तिच्यासमोर उभं राहायचं. ती अंगठ्याने खालची पापणी ओढून आतला रंग बघायची. “डोळा दाखव. हं... जा, दोन फेऱ्या मार. तू नको, तू बस.” सरकारी गोळ्या मुली फेकून द्यायच्या, कारण त्याने मळमळतं आणि शी काळी होते. ते कळल्यावर ती गोळी स्वतःसमोर घ्यायला लावू लागली, वर लिंबूपाणी, आणि त्यानंतर तासभर चहा बंद. गूळ-शेंगदाणे तर होतेच. काही महिन्यांत त्या पोरींच्या पापण्या लाल झालेल्या मीसुद्धा पाहिल्या. खेळ बदलला. आधी उत्तरार्धात गळून जाणारा संघ शेवटच्या मिनिटाला लोण चढवायला लागला. रुपाली पुढे विद्यापीठाकडून खेळली.

आणि हेही सांगायला हवं की शैलाने स्वतःकडे दुर्लक्ष केलं नाही. समाजकार्य करणाऱ्या बायकांच्या गोष्टीत नेहमी तसं असतं, म्हणून सांगते. पन्नाशीच्या आधी तिला गर्भाशयातल्या गाठींमुळे खूप रक्तस्राव व्हायचा, तिचंही हिमोग्लोबिन तळाला गेलं होतं. तिने नीट ऑपरेशन करून घेतलं, गोळ्या घेतल्या, वेळेवर जेवली आणि स्वतःला उभं केलं. मला फोन करून म्हणाली होती, “माधे, बारावर आणलंय. आता मला कोणी पांढरी म्हणायचं नाही.” तिचा नियम साधा होता. शरीराला लोह द्या, माणूस उभा राहतो. तिने ते डोळ्यांनी बघितलं होतं, एकदा नाही, अनेकदा. म्हणून पुढे जे झालं ते तिला समजेचना. आम्हालाही.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिला पहिल्यांदा मलेरिया झाला. त्यांच्या चाळीसमोरची एक जुनी चाळ पाडून तिथे टॉवरसाठी खड्डा खणला होता. पावसात त्यात तळं झालं. पालिकेची माणसं येऊन औषध फवारायची, धूर सोडायची, मिलिंद स्वतः दोनदा वॉर्ड ऑफिसला जाऊन आला. तरी चाळीत घराघरात कोणी ना कोणी तापात होतंच. शैलाला मैदानात असतानाच हुडहुडी भरली. ऑगस्टच्या उकाड्यात ती मुलींच्या तीन-चार ओढण्या गुंडाळून पायरीवर बसली होती म्हणे, आणि तिथूनसुद्धा ओरडत होती, “कोपरा मोकळा सोडू नका.”

रक्तात जंतू सापडला, औषध सुरू झालं, ताप उतरला. पुढच्या चौदा दिवसांच्या गोळ्याही तिने एक न चुकवता घेतल्या. ताप गेला, पण ती काही परत आली नाही. म्हणजे घरी होती, हिंडत-फिरत होती, पण जिना चढताना मधल्या कट्ट्यावर थांबायची. मी गेले की माझ्याशी बोलता बोलता तिचे डोळे मिटायचे. हिमोग्लोबिन पार घसरलं होतं. तिला वाटलं, यात काय, हे तर आपल्याला येतं. गोळ्या सुरू, लिंबूपाणी सुरू, चहा बंद, खजूर, कलेजी, अळीव. महिनाभर तिने इमानेइतबारे सगळं केलं आणि पुन्हा रक्त तपासलं. होतं तिथेच.

तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मग शरीरातला लोहाचा साठा बघायची तपासणी सांगितली, फेरिटिन म्हणतात ती. त्या दिवशी मी बरोबर होते. डॉक्टरांनी कागद बघितला, चष्मा वर केला, पुन्हा बघितला.

“शैलाताई, लोह भरपूर आहे तुमच्याकडे. जास्तच आहे म्हणा.”

शैला माझ्याकडे बघून हसली. परीक्षेत मार्क मिळाल्यासारखी. “बघ,” म्हणाली. मग हसू ओसरलं. “मग डॉक्टर, मी अशी का?”

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की मलेरियानंतर कधीकधी असं होतं, थोडं थांबून बघू, तूर्त लोहाच्या गोळ्या बंद ठेवू. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आता तर नाहीच वाटत. पण घरी येताना शैला रस्त्यात थांबून थांबून तेच विचारत होती. “भरपूर आहे तर जातं कुठे गं?”

हिवाळ्यात ताप परत आला. पहिल्याच जातीचा मलेरिया. हा जंतू यकृतात दडून बसतो आणि सगळं निस्तरलं असं वाटत असताना महिन्यांनी पुन्हा उठतो, गोळ्या पूर्ण घेतल्या तरी क्वचित उठतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. या वेळी तिला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. तिथे एक तरुण डॉक्टर होती, बोलायला शांत, घाईत नसलेली. तिने शैलाचे सगळे जुने कागद एकामागोमाग लावून बघितले आणि मग आम्हाला समजेल असं सांगितलं. तिचे शब्द मला बरेचसे आठवतात, कारण नंतर ते मी मनात खूप वेळा उगाळले.

ती म्हणाली, “जंतूला वाढायला लोह लागतं. म्हणून ताप आला की शरीर आपलं लोह लपवून ठेवतं. यकृतात, प्लीहेत, पेशींच्या आत. तो साठा वाढला की रिपोर्टमधला आकडा वाढतो. पण नवीन रक्त बनतं हाडांच्या आतल्या मगजात, आणि तिथपर्यंत लोह पोचतच नाही. पोटातून गोळीचंही आत शिरत नाही, दार तिथेही बंद असतं. शिवाय नुसत्या तापाने, नुसत्या सुजेनेही हा आकडा वर चढतो. म्हणजे खरोखर लोह कमी असलेल्या माणसाचा रिपोर्टसुद्धा भरलेला दिसू शकतो.”

“म्हणजे माझ्यात आहे की नाही?” शैलाने विचारलं.

“या कागदावरून आज नक्की सांगता येणार नाही.”

शैलाने तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाली, “म्हणजे सगळे चांगले खेळाडू बाकावर बसलेत आणि मैदानात कोणी उतरत नाही.”

डॉक्टर हसली. “साधारण तसंच.”

“मग उतरवा त्यांना.”

“ते आमच्या हातात नाही हो. जंतू पूर्ण गेला, सूज गेली, की शरीर स्वतःच दार उघडतं.”

“किती दिवसांत?”

“प्रत्येकाचं वेगळं असतं.”

शैला उठली, आभार मानले, बाहेर आली आणि लांबलचक व्हरांड्यातल्या बाकावर बसली. मी तिला आयुष्यभर ओळखत होते, पण काय करायचं ते माहीत नसलेली शैला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आपल्याला जे जमतं, ज्याच्या जोरावर आपण एवढ्या पोरी उभ्या केल्या, ते आपल्याच शरीरावर चालत नाही... ते तिला पचत नव्हतं. रागवावं तर कोणावर? उपाय आहे आणि महाग आहे, असंही नव्हतं. थांबायचं, एवढंच होतं. आणि थांबणं तिला कधी आलंच नाही.

तरी ती थांबली. उन्हाळ्यात जरा बरं वाटू लागलं. चेहऱ्यावर थोडी लाली आल्यासारखी मलाच वाटली की खरंच होती, आता सांगता येत नाही. संध्याकाळी मैदानात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायची. मुली रांगेने तिच्यासमोर येऊन गुडघ्यावर बसत, म्हणजे तिला उठावं लागू नये, आणि ती त्यांच्या पापण्या बघायची. एकदा एका लहानग्या मुलीने तिला सरळ म्हटलं, “मॅडम, आता तुमचा डोळा दाखवा.” शैलाने दाखवला. मुलीने गंभीरपणे बघितलं आणि म्हणाली, “तुम्ही बसा. तुम्ही नका फेऱ्या मारू.” शैला इतकी हसली की तिला खोकला लागला. ते ऐकताना मीही हसले होते.

यंदाच्या गणपतीच्या आधी तिला पुन्हा ताप भरला. या वेळचा मलेरिया वेगळ्या जातीचा, जास्त वाईट, असं म्हणाले. दोन दिवसांत तिचे डोळे पिवळे झाले, लघवी काळपट झाली. लालबागमध्ये तेव्हा मंडप उभे राहिले होते, रस्ते बंद होऊ लागले होते. मिलिंदने आणि चाळीतल्या पोरांनी तिला खुर्चीत बसवून जिना उतरवला, गर्दीतून वाट काढत गाडीपर्यंत नेलं. तीच खुर्ची, मैदानातली.

वॉर्डात मी तिला भेटले तेव्हा ती शुद्धीवर होती. बोलताना जीभ जड येत होती. मी बाजूला बसले. तिने स्वतःच्या बोटाने खालची पापणी ओढली आणि म्हणाली, “बघ.” आतला रंग... पांढऱ्या कागदासारखा म्हणतात ना, तसा. मी म्हटलं, “बरी आहेस गं. थोडी फिकट आहे.”

“तुला खोटं बोलता येत नाही, माधे. पकडीला यायच्या आधी तू डोळे मिटायचीस, मला कळायचं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “मिलिंदला चहा करता येतो. भात लावता येत नाही. एकदा दाखव त्याला.” हे आमचं शेवटचं धड बोलणं. मी तिला म्हटलं, तूच दाखव घरी गेल्यावर. तिचे डोळे मिटले होते, झोपली असावी.

रक्त द्यावं लागणार होतं आणि त्याच्या बदल्यात रक्तदाते आणायला सांगितलं. मी रुपालीला फोन केला. ती आता नोकरी करते, लग्न झालंय. दुपारपर्यंत रक्तपेढीच्या बाहेर शैलाच्या मुलींची रांग लागली, आताच्या, जुन्या, लग्न होऊन कळवा-बदलापूरला गेलेल्या. काहींची मुलं कडेवर. एकेक आत जाई, बोटाला टोचून थेंब तपासत. लहान होत्या त्यांना वयामुळे परत पाठवलं. काहींचं वजन भरलं नाही. आणि कितीतरीजणी हिमोग्लोबिन कमी म्हणून बाहेर आल्या. काहींचं मात्र भरलं, त्या अभिमानाने आतच थांबल्या. रुपाली बाहेर आली ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी जवळ गेले.

“काकी, माझं कमी निघालं,” ती म्हणाली. “बाळ झाल्यावर गोळ्या सुटल्या. मॅडमना सांगू नका.”

“नाही सांगत,” म्हटलं.

“त्यांना कळलं ना, तर त्या...” तिने तोंड भिंतीकडे वळवलं. वरच्या मजल्यावर मॅडमना तेव्हा श्वासाचं यंत्र लावत होते. ते तिला सांगायचं राहिलं.

आयसीयूत गेल्यावर त्या तरुण डॉक्टरने आम्हाला बाहेर बोलावलं. ती या वेळी हसली नाही. हातात फेरिटिनचा नवा रिपोर्ट होता. मी तो आकडा शोधू लागले, तर तिथे आकड्याच्या आधी एक चिन्ह होतं. यंत्राला मोजता येतं त्याची हद्द संपली होती. याहून जास्त, एवढंच छापलेलं. मिलिंदने विचारलं, “म्हणजे हिच्यात इतकं लोह आहे?” आणि ते इतक्या भाबड्या आशेने विचारलं की मी दुसरीकडे बघितलं. डॉक्टर म्हणाली, “नाही. हा आकडा आता लोहाचा राहिलेला नाही. मलेरियाशी लढता लढता त्यांच्या शरीराचं संरक्षणच बेभान झालंय, ते त्यांच्याच रक्तपेशी संपवतंय. औषधं चालू आहेत. आम्ही सगळं करतोय.” मिलिंद मान हलवत राहिला. आम्ही सगळं करतोय, हे वाक्य किती जड असतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. त्यात सगळं असतं आणि काहीच नसतं.

नंतरचे दिवस काचेपलीकडून बघण्यात गेले. एकाच माणसाला आत सोडत, तेही थोडा वेळ. मी आत गेले की तिचा हात धरायचे. सुयांनी काळानिळा झालेला, पण तळव्याची कातडी अजून मैदानातली, खरखरीत. तिच्या शरीरात कुठेतरी, यकृतात, प्लीहेत, आयुष्यभर गोळी-गोळीने, शेंगदाण्या-शेंगदाण्याने साठवलेलं लोह होतं. ते तिथेच होतं. एका हाताच्या अंतरावर रक्ताची पिशवी थेंबथेंब उतरत होती, तिच्याच मुलींच्या रक्ताच्या बदल्यात आलेली, आणि तरी तिचा रंग काही परतत नव्हता. मी नुसती बसून होते. कोपऱ्यात उभं राहून समोर आपला गडी धरला जाताना बघावं आणि पुढे जाता येऊ नये, तसं झालं होतं. पकड सुटेल, अजून दम आहे, असं मनाशी म्हणत राहायचं.

पकड सुटली नाही.

चाळीच्या अंगणात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यातल्या मुली पुढे ओळीने बसल्या होत्या. वंदना झाली, चार लोक बोलले. मला बोलायला सांगितलं, मी उभी राहिले आणि दोन वाक्यांत बसले. जे सांगायचं होतं त्याला शेवट नव्हता. लोक विचारत होते, एवढी धडधाकट बाई, काय झालं? मलेरिया, म्हटलं की ते म्हणत, मलेरियाने आजकाल कोण मरतं?

गेल्या आठवड्यात मी लालबागला गेले होते. मिलिंदला भात लावायला शिकवायचं होतं, शैलाने सांगून ठेवलेलं. त्याने कुकर नीट लावला, शिट्ट्या मोजल्या. घर जसंच्या तसं होतं, फक्त खोलीत अंधार जास्त वाटला. मग लक्षात आलं, खिडकीला जाळी बसवली होती. बारीक, हिरवी, चारी बाजूंनी पट्ट्या ठोकून पक्की केलेली.

“आता बसवलीत?” मी विचारलं.

“हो. आधीच बसवायला हवी होती.”

“अहो, इथेच डास चावला असं कुठे आहे? संध्याकाळभर ती मैदानात असायची.”

“ते आहेच,” मिलिंद म्हणाला. “पण मैदानाला कुठे जाळी लावू?”

साडेपाचच्या सुमाराला खालून मुलींचे आवाज आले. मैदानाच्या कडेला मंडळाची एक लहान खोली आहे, मॅट आणि चुन्याच्या पिशव्या ठेवायची. तिची किल्ली वर्षानुवर्षं शैलाच्या घरी असायची. पोरी खाली येऊन उभ्या राहत आणि ती तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून, रुमालात बांधून किल्ली खाली टाकायची. नेम कधी चुकला नाही, असं चाळीत अजून सांगतात. मिलिंदने खुंटीवरची रुमालाची पुरचुंडी घेतली, खिडकीशी गेला, हात पुढे केला. बोटं जाळीवर टेकली.

“रोज विसरतो,” माझ्याकडे न बघता म्हणाला. “पोरी म्हणतात, काढा ती जाळी. नको म्हटलं... राहू दे.” आणि चपला घालून जिन्याकडे गेला.

मी उठून खिडकीशी गेले. जाळीला कपाळ लावल्याशिवाय खालचं नीट दिसत नव्हतं. मुली दप्तरं भिंतीशी टाकून उभ्या होत्या. कोणी तरी एकीला कोपराने ढोसलं, काका खाली येतायत गं, म्हणाली. तिला ते ऐकू गेलं नसावं. मान वर करून, माझ्या खिडकीकडे बघत, ती दोन्ही हातांची ओंजळ धरून उभी होती.